उंबरठ्यापर्यंतचा माणूस

— नाही, नाही, तुम्ही बसा हो ताई, तिथंच पायरीवर बसा. उभं राहिलं म्हणून कुलूप काही लवकर उघडत नाही. पिशवी ठेवा खाली. काय आहे त्यात, वाटाणे? गोठवलेले? मग भिंतीला लावून ठेवा, भिंत गार आहे. हां, ऐकलंत? टक्. काही नाही, एक पिन बसली. आत पाच असतात — पाचही एका रेषेत आल्या की दार उघडतं, आणि चारच आल्या तर त्या चारांचं कौतुक कुणी करत नाही. मी असा गुडघा दाराला टेकवून बसतो, ती माझी पद्धत आहे, तिकडे लक्ष देऊ नका. तुमची किल्ली चांगली आहे. किल्लीचा दोष नाही. या महिन्यात आपल्या बिल्डिंगमधलं हे चौथं — की पाचवं? — पाचवं कुलूप. हवा. दमट हवेनं कुलपं धरतात. आणि बघा ना योगायोग, तुम्ही शाळेतून यायला आणि मी पिशवी घेऊन जिन्यात असायला एकच गाठ पडली. आता निवृत्त माणूस हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यात काय करतो? फिरायला निघालो होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आणि पिशवी म्हणाल तर अडतीस वर्षं ती खांद्यावर आहे — काढली की डावा खांदा वर जातो, मी वाकडा चालतो, लोक विचारतात काय झालं. त्यापेक्षा पिशवी बरी.

तशी निवृत्त माणसं पुष्कळ असतात, पण मी सगळं मिळवून निवृत्त झालेला माणूस आहे. हसू नका. अशी माणसं असतात, आणि त्यांचे हाल कुत्रं खात नाही. लग्न झालं तेव्हा मी हिला सांगितलं होतं — आमच्या हिला, आम्ही तुमच्या बरोब्बर डोक्यावर राहतो, तुमची ओळख झाली आहे म्हणे — सांगितलं होतं, तीन गोष्टी होऊ देत, मग मी सगळा तुझा. एक, स्वतःचं दुकान, आणि दुकानाला दार. तुम्ही म्हणाल, दुकानाला दार असतंच. नसतं! मी अकरा वर्षं एका गोदामाच्या भिंतीला टेकून बसलो, पुढे फळी, वर ताडपत्री. दुनियेची दारं उघडणाऱ्या माणसाला संध्याकाळी लावायला स्वतःचं एक दार नाही. दोन, लेक स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तीन, घर, आणि घराला बाल्कनी, दोन खुर्च्या मावतील एवढी. दोनच. तिसरा आला तर त्यानं उभं राहावं. हे खुर्च्यांचं खरं म्हणजे तिचं होतं. मी आपलं माझ्या यादीत घातलं, कारण यादी लांब असली की बायको खूश होते असा तेव्हा माझा समज होता.

आणि एक चौथी गोष्ट होती, ती हिला सांगितली नव्हती. धंद्यातली होती. एका जुन्या कचेरीत लोखंडी कपाट होतं, बावीस वर्षं बंद. किल्ली हरवलेली, फोडायची परवानगी नाही. आमचे वस्ताद त्याच्यापुढे दोनदा हरले आणि त्या हरण्यासकट गेले बिचारे. म्हटलं, हे उघडलं की मी माणूस. आणि उघडलं, ताई! दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मूठ फिरली, सगळी कचेरी गोळा झाली, साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. आत काय होतं माहितीये? रिकामे कप्पे, आणि एका खिळ्याला टांगलेली त्याच कपाटाची दुसरी किल्ली. कुणीतरी शहाण्यानं जपून ठेवलेली — हरवू नये म्हणून आत! लोक पोट धरधरून हसले, मीही हसलो. घरी आलो तर ही म्हणाली, उघडलं? म्हटलं, उघडलं. मग तोंड का असं? आता काय सांगायचं, की उघडलं म्हणूनच असं. म्हटलं, पित्त झालंय.

काय म्हणालात? हो, हो, हात चालूच आहे माझा. तोंड आणि हात यांचं माझ्यात काही भांडण नाही.

तर झालं सगळं. दुकान झालं, काचेचं दार असलेलं. लेक उभी राहिली — माझ्याच दुकानात उभी राहिली, आणि सांगायला लाज वाटते, माझ्यापेक्षा चांगली. माझ्या कानाला जे ऐकू येतं ते तिच्या बोटांना कळतं. गेल्या वर्षी घराचं झालं. आणि मग सगळ्या व्यवसायबंधूंनी मिळून सत्कार केला माझा. नारळ नाही, शालही नाही, एक पितळेची हातभर किल्ली दिली. कशाची आहे विचारलं तर म्हणाले, कशाचीच नाही, सन्मानाची आहे. म्हणजे बघा, कुलूप नसलेली किल्ली. मला त्याच वेळी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हिनं दोन खुर्च्या बाल्कनीत टाकल्या. साडी नवीन नाही, पण इस्त्रीची. चहा. मी बसलो. तीही बसली. समोर त्या पत्र्याच्या शेडवर कबुतरं. ती म्हणाली, हं, बोला. म्हटलं, काय? म्हणाली, काहीही. ताई, अडतीस वर्षं मी परक्या बायकांशी त्यांच्या दाराशी बसून बोललोय. कुणाची सासू कशी, कुणाच्या नवऱ्याला झोपेत बोलायची सवय, सगळं मला माहीत. आणि इथं ही समोर बसलीय, चहाचा कप हातात, 'काहीही' म्हणतेय, आणि माझ्या डोक्यात एक, एक वाक्य येईना. तिच्याकडे बघितलं तर कानाजवळचे केस पांढरे झालेले. केव्हा झाले? विचारावं म्हटलं, पण असं विचारतात का कुणी, की बाई, तुझे केस केव्हा पांढरे झाले, मी कुठे होतो? अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण मला मिनिटं कळतात. बाराव्या मिनिटाला मी म्हणालो, "या बाल्कनीच्या दाराची कडी ढिली आहे."

आणि उठलो. कडी काढली. कडीच्या मागून बिजागरी काढली. पुढे आठ दिवसांत घरातली सगळी दारं, कपाटं, खणाची कुलपं, औषधाच्या डब्याचं झाकणसुद्धा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ना, तसं. आमच्या घरात आता कुठलंही दार उघडताना आवाज होत नाही. परवा ही पाठीमागे येऊन उभी राहिली तर मी घाबरून किंचाळलो.

मग दुकानात जायला लागलो. नुसता बसायला. लेक गुणाची, म्हणाली, बाबा, बरं झालं आलात, हे एक कुलूप अडलंय, बघता का? मी काय, दिवाळं निघालेल्याला वारसा मिळावा तसा बसलो. तासभर लागला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी मी ते खिडकीपाशी नेलं आणि बघतो तर खालच्या कडेला ओरखडा, माझ्याच कानशीचा, पहिल्या दिवशी निसटली होती तो. एकच कुलूप होतं, ताई. ती रोज रात्री मी गेलो की ते परत बिघडवून ठेवायची. लहान पोराला खुळखुळा देतात तसा. उघडलं, टेबलावर ठेवलं, "अवघड होतं" म्हटलं, आणि त्यानंतर गेलो नाही. तीही काही बोलली नाही. आमच्या घरात न बोलण्यात सगळे तरबेज आहेत.

पाणी गळतंय का हो तुमच्या पिशवीतून? वाटाणे. होईल, होईल आता. दोन पिना राहिल्यात.

आणि मग देवासारखे धावून आले ते दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांचं कुलूप खरंच अडलं होतं — ते खरं होतं, शपथ. किल्ली अर्धी आत तुटलेली. मी जेवणावरून उठलो. त्यांच्या दाराशी गुडघे टेकले आणि काय सांगू, बाल्कनीत जी वाक्यं सापडत नव्हती ती सगळी ओठांवर हजर. ते डॉक्टर, आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतःच बोलत आलेले, ते बिचारे गप्प ऐकत होते! वर आलो तर ही म्हणाली, आज चेहरा बरा दिसतोय. झालं. मी वाट बघायला लागलो. चाळीस दारं आहेत बिल्डिंगमध्ये. एक आठवडा गेला, दोन गेले. एका दाराला अक्कल असेल तर शपथ! सगळी आपली गुमान उघडतायत, बंद होतायत. शेवटी म्हटलं, आपण थोडी — म्हणजे, हवेला थोडी मदत करावी.

मदत म्हणजे काय, त्यात विशेष काही नसतं. काडेपेटीची काडी, गुल मोडून, एवढी एवढीशी. किल्लीच्या भोकात सरकवली की किल्ली पूर्ण आत जात नाही. इजा काही नाही. चिमट्यानं काढली की कुलूप जसंच्या तसं. शिवणकामवाल्या बाई झाल्या. मग ते चौथ्या मजल्यावरचे, रोज व्यायाम करतात ते. मग — जाऊ द्या, तीन. बरं, चार. दातांचे डॉक्टर यात नाहीत, ते खरे होते. आणि आता काय झालंय माहितीये? कमिटीनं काल नोटीस लावली: कुलपं वारंवार बिघडतात, सबब पुढच्या महिन्यात सगळ्या दारांना ती नवीन आकड्यांची, बटणांची कुलपं. किल्लीच नाही! बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड कशी मारावी याचं शिक्षण कुणाला हवं असेल तर वरच्या मजल्यावर पाठवा. मी खाली उभा राहून ती नोटीस तीनदा वाचली. कमिटीनं शेवटी लिहिलं होतं, "तोपर्यंत आपल्या इमारतीतील ज्येष्ठ तज्ज्ञांची मदत घ्यावी." ज्येष्ठ तज्ज्ञ!

तुम्ही अशा बघू नका. चोराच्या मनात चांदणं असतं, मला आपलं वाटतं की तुम्ही ओळखलंत.

हिनं ओळखलंच. माझ्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी सापडली तिला. मी विडी ओढत नाही, आमचा गॅस बटणानं पेटतो. पेटीतल्या काड्या सगळ्या बिनगुलाच्या, एका मापाच्या. तिनं त्या टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या. मला वाटलं आता चढेल आवाज — चढला असता तर बरं झालं असतं. आज सकाळी, दहा वाजता, शांतपणे म्हणाली, "आपल्या वस्तादांचा नियम काय होता हो?" तो नियम असा, ताई — दार उघडलं की दोन बोटांनी ढकलायचं, पाठ फिरवायची, उंबरठा आपला नव्हे. आत पाऊल टाकायचं नाही. उद्या घरातून चमचा हरवला तर पहिलं नाव कुलूपवाल्याचं येतं. अडतीस वर्षांत मी एकाही घराच्या आत गेलो नाही. पाणीसुद्धा बाहेर प्यालो. तर म्हटलं, हा नियम. ती म्हणाली, "तो लोकांच्या घराचा होता. तुम्ही आपल्याही घराला लावलात. दुकान उघडलंत, पाठ फिरवलीत. लेकीचं झालं, पाठ फिरवलीत. आता माझी पाळी होती, तर तुम्हाला कडी ढिली दिसली." आणि मग म्हणाली, "चार वाजता मी खुर्च्या टाकते. एक टाकू की दोन, तेवढं सांगा. एकच टाकायची असेल तर दुसरी मी खालच्या ताईंना देऊन टाकते, त्या बिचाऱ्या शाळेतून येऊन जिन्यात उभ्या राहून फोनवर बोलतात."

मी काय केलं असेल? म्हणा ना, काय केलं असेल? माणसानं म्हणावं, दोन. एवढा एकच शब्द, तोही आकडा. मी म्हणालो, "जरा फिरून येतो." पिशवी उचलली. साडेदहा वाजता या दारापाशी आलो. तुमच्याच का, असं विचाराल तर... खुर्ची तुम्हाला मिळणार होती ना. वय त्रेसष्ट, आणि अक्कल ही अशी. आणि शिवाय तुम्ही साडेतीनला येता हे मला माहीत होतं. साडेतीनला आलात की चारला मी कामात. कामात असलेल्या माणसाला कुणी एक की दोन विचारत नाही.

ते पहिलं 'टक्' होतं ना, अगदी सुरुवातीचं? ती पिन नव्हती. काडी निघाली ती. दार तेव्हाच उघडलंय. अर्धा तास मी गुडघ्यानं धरून ठेवलंय. पिना बिना काही राहिलेल्या नाहीत. घ्या, बोला आता. करा तक्रार कमिटीकडे. वाटाणे भरून देतो.

बोलत का नाही तुम्ही? मघापासून बघतोय. दुसरं कुणी असतं तर दहा मिनिटांत वॉचमनला हाक मारली असती. चौथ्या मजल्यावरच्यांनी तर खांद्यानं दार तोडायला घेतलं होतं. तुम्ही आपल्या शांत बसून — काय? कुणी फोन केला होता? हिनं? केव्हा, दुपारी? शाळेत? काय म्हणाली? ... "तुमचं कुलूप आज अडकेल, घाबरू नका." ... आणि? नाही, सगळं सांगा, तिचे शब्द सांगा. ... "चिडू नका, त्यांना बोलू द्या. बोलून झालं की वर पाठवा."

असं म्हणाली.

थांबा. ऐका. वर. खुर्ची सरकली ना? वेताच्या खुर्चीचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन, तिच्या पायांना रबर लावायचं माझंच राहिलंय. एक झाली. ही तिची, ही कठड्याकडे जाते. आता... आता दुसरी सरकेल. ... दुसरी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, ती उचलताना दाराला लागते. ... लागली का? तुम्हाला ऐकू आलं? मला नाही आलं. कान माझे चांगले आहेत, ताई. दुसरी नाही सरकली.

मी तिला उत्तरच कुठं दिलंय! ती बिचारी तरी कुठल्या हिशेबानं टाकणार? आणि गंमत बघा, तुम्हाला जे हे सगळं सांगितलं ना — कपाटातली किल्ली, लेकीचं ते एकच कुलूप, केसांचं — यातलं तिला एक माहीत नाही. एक. तिला वाटतं मला त्या दिवशी खरंच पित्त झालं होतं. हे घेऊन मी तुमच्या दाराशी बसलोय, आणि वर ती म्हणतेय, काहीही बोला. काहीही! एवढं सोपं कुलूप माझ्यापुढे कुणी कधी ठेवलं नव्हतं, आणि मी म्हणे ज्येष्ठ तज्ज्ञ.

उठतो. हात नको, उठतो मी. गुडघे तेवढे बोलतात. ही घ्या, ही पिशवी तुमच्याकडे राहू दे. हो, सगळी, कानशी, चिमटे, काडेपेटीसकट. आत कुठंतरी ठेवा, मला दिसणार नाही अशी. घरची किल्ली? नाही माझ्याकडे, सकाळी टेबलावरच राहिली, काड्यांशेजारी. ते दार मी अर्ध्या मिनिटात उघडीन, मीच बसवलंय ते कुलूप. पण नाही. बेल वाजवीन. लोक वाजवतात तशी. आणि आतून विचारलं कोण आहे, तर म्हणेन — दोन. एवढंच म्हणेन.

जा तुम्ही आत, ताई. दोन बोटांनी ढकला, उघडंच आहे. वाटाणे आजच करून टाका. आणि एक ऐका — तिनं नाहीच उघडलं, तर मी येईन खाली पिशवी मागायला. कितीही गयावया केली तरी देऊ नका. जा, लावून घ्या दार.